शुद्ध पाणी

“आज ‘पाणी’ म्हणतो की ‘पानी’? लागली पैज?” रेमंडमामा म्हणाले, आणि पडद्यापलीकडे दोघे-तिघे हसले.

मी पडद्याच्या अलीकडे होते. चर्चच्या सभागृहात रंगमंचामागे एक अरुंद खोली आहे. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या पुठ्ठ्याच्या मेंढ्या, मोडके माइक-स्टँड आणि जास्तीच्या खुर्च्या तिथे ठेवतात. त्या खोलीत उभी राहून मी पाहुण्यांसाठी ताटात सुकेळी, आमच्या वाडीची वाळवलेली केळी, मांडत होते. हातभर अंतरावर डॅडी बसला होता. अंगात मामांचा कोट, खांद्यांत सैल. गुडघ्यावर मी लिहून दिलेला कागद, आणि त्या कागदावरच्या प्रत्येक ‘ण’खाली माझ्याच हातची लाल रेघ. त्याचे ओठ हलत होते. इंजिनांच्या आवाजात दिवस काढल्यामुळे त्याचा डावा कान जवळजवळ गेलेला होता, उजवा मात्र चांगला होता. त्या क्षणी पडद्याकडे त्याचा कोणता कान होता, हे आठवायचा प्रयत्न मी पुढे कितीतरी वर्षं केला. तो मान वर न करता म्हणाला, “बाय, एक सुकेला दे.” मी दिलं. त्यानं ते खाल्लं नाही, कोटाच्या खिशात ठेवलं.

बाहेर रंगमंचावर मोठा फलक लावला होता. त्यावर डॅडीचा बर्फातला लाल पोशाखातला फोटो होता आणि खाली अक्षरं होती: ‘गिरीजचे सुपुत्र, अंटार्क्टिका संशोधक श्री. इनास यांचा भव्य सत्कार’. त्या एका ओळीत दोन गोष्टी चुकीच्या होत्या. डॅडी गिरीजचा सुपुत्र नव्हता, तो गिरीजचा जावई होता. आणि तो संशोधक नव्हता. पहिली चूक मामांची. दुसरी माझी.

गिरीजचं घर मम्मीच्या माहेरचं. तिच्या वडिलांनी वाडीचा एक तुकडा तिला दिला, त्यावर दोन खोल्या बांधल्या, आणि लग्नानंतर डॅडी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून सायकलवर अवजारांची पेटी बांधून तिथे राहायला आला. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. घरजावई हा शब्द आमच्यासमोर कोणी उच्चारत नसे, पण तो शब्द घरात एखाद्या माणसासारखा वावरायचा. मामा आले की मम्मी बोंबलाचं कालवण मागच्या चुलीवर सरकवायची आणि डॅडी आपण होऊन विहिरीकडे जायचा, पंपाला काही झालेलं नसलं तरी. तो पंपाच्या पाठीवर तळवा ठेवून ऐकायचा. त्याला कानांपेक्षा हातानं जास्त ऐकू येतं असं मम्मी म्हणायची. सकाळी केळीच्या पाटांतून पाणी सुटलं की त्याचा एक बारीक, घाईघाईचा आवाज यायचा, आणि त्या आवाजात मी शाळेचे बूट घालायचे. अजूनही कुठे पाटाचं पाणी ऐकलं की माझे पाय बूट शोधतात.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. घरात तीन भाषा होत्या: मम्मीच्या माहेरची गिरीजची बोली, डॅडीची बंदरची बोली, आणि माझं इंग्रजी, जे मी घरात फारसं काढत नसे. खरं तर मी काहीच फारसं बोलत नसे. तीनही भाषांत मी कुठे तरी चुकेन अशी भीती वाटायची. मामा हायस्कुलात मराठीचे शिक्षक होते. आमच्याकडे बापाला अरे-तुरे करतात, पण मामांना सगळे ‘अहो’ म्हणायचे, मीही. माझं मराठी कच्चं राहू नये म्हणून दर रविवारी चर्चची मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की ते मला शिकवायला बसवायचे. “न नळाचा, ण बाणाचा. म्हण. पाणी. लोणी. कोण.” मी म्हणायचे. बाजूच्या ओट्यावर डॅडी कसलं तरी नॉझल रॉकेलमध्ये धूत असायचा. एकदा तो हसून म्हणाला होता, “पानी नलातून येते ना, बाय? मंग तो न नलाचाच.” मला खूप हसू आलं होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं हसू गेलं. गिरीजची आमची स्वतःची बोली दादरच्या माणसाला ऐकवली असती तर तोही हसला असता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मामांच्या नक्की आलं होतं. म्हणूनच ते ती कधी बोलत नसत.

अंटार्क्टिकाची जाहिरात मम्मीच्या एका चुलतभावाने आणली. सरकारी मोहिमेला डिझेल मेकॅनिक हवे होते, वर्षभर तिथल्या तळावर राहणारे. फॉर्म इंग्रजीत होता, तो मी भरला. डॅडीची परीक्षा झाली, दिल्लीला तपासण्या झाल्या, हिमालयात बर्फावर चालायचा सराव झाला, आणि हे सगळं होईपर्यंत तो खरोखर जाणार यावर आमच्यातल्या कोणाचाच विश्वास नव्हता. बंदरला त्याची आई सुकट निवडत बसली होती. त्याने सांगितलं तशी मान न उचलता म्हणाली, “बरफ बघाला एवढ्या लांब कशाला जातंस? जेट्टीवरचा कारखाना बंद परलाय का?” बोटींवर भरायचा बर्फ तिथे रोज फुटायचा. तो कर्रकर्र आवाज ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता.

जाताना मम्मीनं त्याला सुकेळी बांधून दिली. आमच्या वाडीत राजेळी केळी होती. ती पिकवायची, सोलायची, मांडवावर कडक उन्हात वाळवायची, संध्याकाळी गोळा करून पानांत झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची, असं आठवडाभर. शेवटी ती मधासारखी लाल होतात, आणि मग केळीच्या वाळक्या सोपटात घट्ट बांधायची. ती वर्षभर टिकतात. मम्मीनं प्रत्येक पुडी इतकी आवळून बांधली होती की डॅडी म्हणाला, “मेरी, ही उघडाला मना पाना लागंल.” मम्मी हसली नाही. तिला नवऱ्याला सोडायचं नव्हतं, आणि हे बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती. त्यामुळे ते सगळं त्या गाठींत गेलं.

तो तिथे असताना दर रविवारी फोन यायचा. उपग्रहावरून यायचा म्हणून बोललेलं पोचायला दोन सेकंद लागायचे. दोघे एकदम बोलायचे, दोघे एकदम थांबायचे. पहिला प्रश्न नेहमी तोच असायचा, “पंप चालू हाय ना? पानी येते?” आणि मी म्हणायचे, “येतंय, डॅडी. पाणी येतंय.” तो ण मी नीट, जीभ वर वळवून म्हणायचे. मामा बाजूला बसलेले असायचे म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण मामा नसलेल्या रविवारीही मी तसंच म्हणायचे. जगाच्या खालच्या टोकाला, दोन महिने सूर्य न उगवणाऱ्या जागी बसलेल्या माणसाला मी फोनवर शुद्धलेखन शिकवत होते.

वर्ष उलटून गेल्यावर तो परत आला. रोडावलेला, दाढी वाढलेली, आणि डाव्या करंगळीचं टोक नसलेलं. मम्मीनं ते बोट हातात घेऊन पाहिलं आणि परत ठेवलं, जणू ती वस्तू कुणा दुसऱ्याची होती. पहिले आठ-दहा दिवस तो फक्त झोपायचा आणि वाडीत फिरायचा. हिरवं बघून डोळे दुखतात म्हणायचा. मग एका दुपारी ओट्यावर बसून त्याने आपण होऊन सांगितलं. मम्मी कोलंबी सोलत होती, मी अभ्यासाची वही मांडीवर घेऊन बसले होते.

“तिकडं बरफच बरफ, पन पानी नाय,” तो म्हणाला. “पानी बनवाला लागते.” तळाजवळ एक तळं होतं. वरून गोठलेलं, खाली पाणी. त्यातून पंपाने पाणी खेचून लांब पाइपातून तळावर आणायचं, आणि पाइप गोठू नये म्हणून त्याला आतून विजेच्या तारेने ऊब द्यायची. हे सगळं चालू ठेवणं आणि जनरेटर बघणं, हे त्याचं काम. भर काळोखाच्या दिवसांत तीन दिवस वादळ झालं, तार जळाली आणि पाइप टोकापासून टोकापर्यंत गोठला. पंचवीस माणसं, आणि नळ कोरडा. “मंग मी न् तो केरलचा जोसेफ, दोघं बाहेर जाऊन बरफ फोडाचो. कमरेला दोरी बांधून, हात-दोन हातांवरचा मानूस दिसाचा नाय. फोडलेला बरफ टाकीत. पन तो वितळाला डिझेल किती जालनार? तवा मना आमची बोट आठवली.” बोटीवर इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी कढत असतं. बंदरचे खलाशी त्यावर अंडी उकडतात. डॅडीने जनरेटरच्या त्या गरम पाण्याची नळी वळवून, तिचं वेटोळं करून टाकीत बसवली. बर्फ आपोआप वितळू लागला. अकरा दिवस त्याने पंचवीस माणसांना पाणी पाजलं. वेटोळं बसवताना हातमोजा काढावा लागला, त्यात करंगळी गेली. “मोठा सायंटिस्ट साहेब पयला पेला प्याला,” डॅडी म्हणाला, “आनि बोलला, इनास, तेरा पानी मीठा है.” त्याचे डोळे भरले होते. मम्मीचे हात कोलंबीत थांबले होते. मी तेवढ्या वेळात त्याच्या बोलण्यात किती वेळा ‘पानी’ आलं ते मोजलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मम्मीला आता त्याला पुन्हा जाऊ द्यायचं नव्हतं. त्याचं पुढच्या मोहिमेचं पत्र आलंच होतं, कारण तिथे असा माणूस सगळ्यांना हवा होता. तेव्हा मामांनी एक वाट काढली. त्यांच्या ओळखीचे एक प्राचार्य होते, एका तंत्रशाळेचे. त्यांना डिझेल मेकॅनिक शिकवायला माणूस हवा होता. त्यांनाच सत्काराला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं, डॅडीने चार शब्द नीट बोलायचे, आणि काम होईल. “फक्त बोलणं तेवढं,” मामा मम्मीला म्हणाले. “शिकवायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं.” त्या संध्याकाळी मम्मी माझ्या टेबलाशी आली. ती माझ्या अभ्यासाच्या जागी कधी यायची नाही. म्हणाली, “बाय, तू त्याला लिहून दे. तो इथेच राहायला पाहिजे.” उभी राहिली, माझी पेन्सिलींची पेटी सरळ केली आणि गेली.

निमंत्रणपत्रिकेचा मजकूर मामांनी मागितला तेव्हा मी आधी इंग्रजीत विचार केला. शाळेच्या निबंधात मी ‘माझे वडील पोलर एक्सप्लोरर आहेत’ असं लिहिलं होतं आणि बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला होता. शब्दकोशात एक्सप्लोररला तीन-चार शब्द होते: शोधक, शोधयात्री, प्रवासी, संशोधक. मी सर्वांत भारदस्त तो उचलला. मामांनी मुद्रित पाहिलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि तसंच छापायला दिलं. त्यांना फरक कळत नव्हता असं मी मानू शकत नाही. फलक छापून आला तेव्हा डॅडी त्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

“संशोधक म्हंजे?”

“एक्सप्लोरर, डॅडी.”

“म्हंजे सायंटिस्ट ना? ते दुसरे होते तिकडं. मी नाय.”

“मराठीत दोन्हीला तोच शब्द आहे.”

त्याने त्या शब्दावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “तू लिवलास ना? असू दे मंग.”

आज मी भाषांतराचं काम करते. विरारच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणते, त्यात पंपांची पुष्कळ असतात. एका शब्दापुढे तीन-चार पर्याय आले की मी अजूनही थांबते. सर्वांत भारदस्त दिसणारा शब्द मी कधीच घेत नाही. कंपनीतल्या लोकांना वाटतं ही माझी शैली आहे.

भाषण मी दोन दिवसांत लिहिलं. ओझोनच्या थराला पडलेलं छिद्र, पेंग्विनांचं जीवन, हिमनगाचा किती भाग पाण्याखाली असतो, सगळं नेटवरून काढलं. हिमनगाच्या वाक्यात ‘पाण्याखाली’ऐवजी मी ‘सागरात’ लिहिलं. पाइपाची गोष्ट मी घेतली नाही. मला ती संशोधकाची वाटली नाही, ती बंदरची वाटली. शिवाय तिच्यात तो शब्द फार वेळा येत होता. मग आठ दिवस मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं. विहिरीच्या कठड्यावर तो बसायचा आणि मी समोर उभी. “डॅडी, आपण. आपन नाही. ण.” “आपण.” “कारण.” “कारण.” “वातावरण.” त्याची जीभ दमायची. कपाळावर घाम यायचा. जनरेटर उघडून बसवणारा माणूस एका अक्षरापुढे शाळकरी पोरासारखा बसला होता, आणि लाल पेन माझ्या हातात होता. मला वाईट वाटत नव्हतं. मला, खरं सांगायचं तर, थोडी मजा वाटत होती.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. फादरांनी प्रार्थना म्हटली, शाल घातली, श्रीफळ दिलं. डॅडी माइकपुढे उभा राहिला. कागद त्याने उघडलाच नाही, पाठ केलं होतं ना. पहिली दोन वाक्यं चांगली गेली. मम्मी दुसऱ्या रांगेत होती, तिचे खांदे जरा खाली आले. मग तो म्हणाला, “आमचं विमाण बर्फावर उतरलं.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. डॅडीला वाटलं की आपण ण कमी म्हणतोय. त्याने जास्त जोर लावला. त्याच्या लेखी आता न हे अक्षर धोक्याचं होतं, ते दिसेल तिथे त्याने पुसून टाकलं. “तिथे पेंग्विण असतात. ओझोणचं छिद्र असतं. आम्ही सगळे मिळूण संशोधण करत होतो.” मागच्या रांगांतली पोरं तोंडावर हात घेऊन वाकली. मग मोठी माणसंही. फादर छताकडे बघत होते. डॅडी प्रत्येक हशानंतर क्षणभर थांबायचा, माझ्याकडे बघायचा आणि आणखी एक ण म्हणायचा, जणू फोनवरची ती दोन सेकंदं पुन्हा मधे आली होती आणि माझं उत्तर त्याला पोचत नव्हतं.

प्राचार्य चांगले गृहस्थ होते. त्यांना हे थांबवायचं असावं. ते पुढे झुकून आपुलकीने म्हणाले, “इनासराव, भाषण राहू द्या. मला सांगा, तुमचं संशोधन नेमकं कोणत्या विषयातलं?”

डॅडीने माझ्याकडे पाहिलं. मी रंगमंचाच्या बाजूच्या पायरीवर सुकेळ्यांचं ताट धरून उभी होते, त्याच्यापासून पाच-सहा पावलांवर. मला उत्तर माहीत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की डॅडी, पाण्याची गोष्ट सांग. आपल्या भाषेत सांग. मी ताटातल्या पुड्यांच्या गाठी बघत राहिले. मम्मीनं बांधलेल्या, घट्ट. वर बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

“नाही, म्हणजे साहेब, संशोधक तसे नव्हे,” रेमंडमामा उठून, हसत, दोन्ही हात जोडून म्हणाले. “आमचे दाजी मशिनं बघायचे तिकडे. शिक्षण तसं बेताचंच. पोरीनं हौसेनं लिहिलंय.”

“अच्छा, अच्छा. मशिनं,” प्राचार्य म्हणाले, आणि मागे टेकून बसले. टाळ्या झाल्या. मी ताट फिरवलं. प्राचार्यांनी सुकेळं उलगडलं, खाल्लं, फार गोड आहे म्हणाले.

चार दिवसांनी मामा निरोप घेऊन आले. प्राचार्यांना हातानं काम येणारा माणूसच हवा होता, शिक्षणाची त्यांची अट नव्हती. पण जो स्वतःला खोटंखोटं संशोधक म्हणवून घेतो, तो पोरांना काय शिकवणार, असं ते म्हणाले होते. मम्मीनं ऐकलं आणि चहा ठेवायला आत गेली. स्टो पेटवल्याचा आवाज आला नाही. डॅडी माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं आता बोलेल. तो म्हणाला, “बाय, तू चांगला लिवलेलास. माझी जीभच वलत नाय.” मी त्याच्यावर ओरडले असते, तो माझ्यावर ओरडला असता, तर बरं झालं असतं. आम्ही दोघं शेजारी बसून पाटाचं पाणी ऐकत राहिलो.

त्याने पुढच्या मोहिमेच्या पत्रावर सही केली. तो दुसऱ्यांदा गेला, मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पुढे कधी कुणी ध्रुवावरच्या माणसांबद्दल लिहिलं तर त्यात शास्त्रज्ञ असतील, मोहिमेचे प्रमुख असतील. पण आयुष्याची जवळजवळ पाच वर्षं बर्फावर काढलेला, चार वेळा सूर्य मावळून दोन-दोन महिने न उगवलेला पाहिलेला, तळाच्या नळाला पाणी देणारा माणूस पाचूबंदरचा होता, हे कुठे लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. दोन मोहिमांच्या मधे तो घरी यायचा, वाडीचा पंप खोलून साफ करायचा, आणि गप्प असायचा. गिरीजच्या घरात त्याने त्यानंतर बर्फाची एकही गोष्ट सांगितली नाही. चौथ्या खेपेनंतर तो सरळ बंदरला आईच्या घरी उतरला. तिच्या म्हातारपणाचं निमित्त होतं. भांडण झालं नाही. मम्मी दर रविवारी मिस्सानंतर त्याच्याकडे जायची, डबा घेऊन, दुपारी परत यायची. वाडी बघायला कोणीतरी हवं असं ती म्हणायची. आपण ‘संसार मोडला’ म्हणतो तसं काही झालं नाही. फक्त तो परत आला नाही.

कॉलेज संपल्यावर मी त्याच्याकडे जाऊ लागले. तो जेट्टीच्या बाजूला इंजिन उघडून बसलेला असायचा आणि मी उलट्या घातलेल्या टोपलीवर. तिथे तो खूप बोलायचा. बोटीवरच्या पोरांना बर्फाच्या गोष्टी सांगायचा आणि ती पोरं हसायची, पण वेगळी हसायची. “इनासकाका, तिकडं मासली बरफात घालाला नको, नाय? तितंच टाका नि जावा!” एकदा मी धीर करून विचारलं, “डॅडी, त्या दिवशी पडद्यामागे मामा पैजेचं काही बोलले, ते तू ऐकलंस?” तो पान्याने नट सोडवत होता. हात थांबला नाही. म्हणाला, “ऐकला ना. पन पैज कोनीच जिकला नाय, बाय. तुझ्या कागदात पानी नव्हतंच.”

त्या वेळीही मला म्हणता आलं असतं. मला क्षमा कर, असं नाही, तसलं आमच्यात बोलत नाहीत. नुसता तो शब्द त्याच्यासारखा उच्चारला असता तरी पुरलं असतं. तो म्हणाला, “ऊन लागते, पानी पी,” आणि मी म्हटलं, “नको, पाणी आहे माझ्याकडे.” बाटली दाखवली. जीभ वर वळलीच.

तो गेल्या पावसाळ्यात गेला, झोपेत. महिन्याची मिस्सा पाचूबंदरलाच ठेवली होती, आणि जेवण त्याच्या घरी. आजीही आता नाही. घर लहान आहे, ओटीवर बाकं टाकली होती. मम्मी आत भात काढत होती. गिरीजहून सगळे आले होते. रेमंडमामाही, काठी घेऊन. त्या घरात त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाय ठेवला होता. ते बाकाच्या टोकाला बसले, आजूबाजूला भाच्यांचे नवरे, बंदरचे दोन खलाशी. डॅडीच्या आठवणी निघाल्या. मामांनी घसा साफ केला. “माणूस देवमाणूस,” ते म्हणाले. “पण भाषण! अरे देवा. ‘पेंग्विण’! ‘आम्ही मिळूण संशोधण केलं’! प्राचार्य बिचारे…” गिरीजचे हसले. सवयीचं हसू होतं ते, पंधरा वर्षं प्रत्येक लग्नात ऐकलेलं. खलाशी हसले नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. त्यांच्यातला म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी तांब्या घेऊन वाढत होते, एकेका पेल्यात ओतत, पुढे सरकत. भिंतीवर डॅडीचा लाल पोशाखातला तोच फोटो होता. चेहरा बर्फाने झाकलेला. हातमोजा नसलेला डावा हात मात्र दिसत होता, करंगळीसकट. पहिल्या महिन्यातला असावा.

हसणं संपल्यावर मामांना ठसका लागला. त्यांनी पेला पुढे केला. “बाळा, जरा पाणी दे.”

मी तांब्या वाकवला नाही. आतून मम्मीच्या डावाचा आवाज थांबला. माझे कान गरम झाले होते, जसे शाळेत उभं केल्यावर व्हायचे, आणि मला खाली बघावंसं वाटत होतं. तांब्याच्या काठाकडे, कुठेही. मी मामांच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

“मामा, या घरात पाणी नाही,” मी म्हणाले. “पानी आहे. नळाचा न. तसं मागा, देते.”